आये सांगायची, आम्ही लिहायचो

लालबाग-परळच्या चाळींत १९६०च्या आगेमागे जन्मलेल्या मालवणी घरांतल्या पोरांना तिसरी-चौथीत गेल्याबरोबर एक काम लागायचे. घरची पत्रे लिहायचे. वडील म्हणजे अण्णा पाळीवर गेलेले, आई म्हणजे आये स्टोव्हपाशी, आणि आम्ही मांडीवर वही, वहीवर पोस्टकार्ड ठेवून बसलेले. मायना आम्हांला पाठ असायचा: तीर्थरूप आजीस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. त्यानंतर आये सांगू लागायची. "पैशे गावले काय ता ईचार." आम्ही लिहायचो, 'पैसे मिळाल्याचे कळवावे.' "म्हातारेच्या गुडघ्याक तेल लावा म्हणान लिव." आम्ही लिहायचो, 'आपल्या प्रकृतीची काळजी घ्यावी.' मग भाकरी उलथता उलथता ती थांबायची आणि हळू आवाजात म्हणायची, "माका हंय करमणा नाय, ता मात्र लिव नको."

ते आम्ही कधीच लिहिले नाही. पण तिने सांगितलेलेही तिच्या शब्दांत कधी लिहिले नाही. कार्ड गावच्या वाडीत पोचले की पोस्टमन किंवा शाळेतले गुरुजी ते आजीला वाचून दाखवत आणि आजीच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसला की मालवणीत समजावून सांगत. आईचे बोलणे लेकीपर्यंत, लेकीचे आईपर्यंत मराठीतूनच जायचे यायचे, आणि दोन्ही टोकांना बसलेल्या बायका मालवणीखेरीज काही बोलत नव्हत्या. आमच्या घरातली ती कार्डे अजून आहेत. तारेला टोचलेली असत, म्हणून प्रत्येकाला मध्ये भोक आहे. त्या शेकडो कार्डांत आये कुठेच बोलत नाही. मी, माझी भावंडे, चुलतभावंडे आता साठीच्या पलीकडे आहोत, आणि एकत्र बसलो की ही खंत आम्हां सगळ्यांची निघते. आमच्या घरातली भाषा आमच्याच हातून कागदावर उतरायची राहिली.

आमची माणसे मुंबईत आली ती गिरण्यांसाठी. तेव्हा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता, सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ला. देवगड, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी इथून पुरुष आधी आले, बायकापोरे मागाहून, आणि कित्येकांची कधीच आली नाहीत. भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरायचे आणि ट्रंक डोक्यावर घेऊन परळ गाठायचे, हा पहिल्या पिढीचा रस्ता. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' ही बोटींची नावे आम्ही गोष्टीतल्या नावांसारखी ऐकली. आमच्या वाट्याला एसटीची रात्र आली. त्या रात्रीच्या प्रवासात भाषेची हद्द कानाला कळायची. पहाटे खारेपाटणचा पूल ओलांडला की गाडीत चढणारे माणूस कंडक्टरशी आपल्यासारखे बोलायचे आणि मागच्या सीटवर पेंगणारी आये सरळ होऊन बसायची.

मुंबईत प्रत्येक गावाची एक खोली असे. गावमंडळाने भाड्याने घेतलेली, दहा बाय बाराची बैठकीची खोली. भिंतीला लागून फळ्या, फळ्यांवर ट्रंका, कोपऱ्यात वळकट्या. पहिल्या पाळीचा माणूस उठला की त्याच्या जागी रातपाळीचा येऊन झोपायचा. जेवण कुणा बाईच्या खानावळीत. गिरणगावातल्या त्या खानावळवाल्या बायकांनी किती माणसे पोसली याचा हिशोब कुणी ठेवला नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले तेव्हा निदान त्यांच्या कष्टाला नाव मिळाले. त्या खानावळींतून मालवणी जिवंत होती. ताटावर बसलेल्या माणसाला "माका आनी भात व्हयो" म्हणायला लाज वाटत नसे. मंडळाच्या सभाही त्याच खोलीत व्हायच्या. देवळाच्या कौलांसाठी वर्गणी, विहिरीचा वाद, कुणाच्या आजारपणाची मदत, सगळी चर्चा आणि सगळे भांडण मालवणीत. शेवटी चिटणीस वही उघडून लिहायचा, 'सदर ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' पोस्टकार्डावर आम्ही जे करत होतो, तेच चिटणीस करत होता. कागद दिसला की आमची माणसे भाषा बदलायची. हे कुणी त्यांना शिकवलेले नव्हते, आणि म्हणूनच ते मोडणे अवघड गेले.

चाळीत बोलींची वाटणी पक्की होती. खोलीच्या आत मालवणी. गॅलरीत शेजाऱ्यांशी एक सरमिसळ मराठी, कारण एका बाजूला साताऱ्याचे बिऱ्हाड, दुसऱ्या बाजूला संगमेश्वरचे. साताऱ्याच्या काकू 'लई' आणि 'न्हाई' म्हणायच्या, संगमेश्वरची काकी वेगळेच हेल काढायची, आणि आये त्या दोघींशी बोलताना आपले 'खंय' आणि 'कित्याक' आवरून घ्यायची. रात्री नळाला पाणी आले आणि भांडण पेटले, की तिघीही आपापल्या बोलीवर यायच्या. राग, वेदना, बाळाला खेळवणे, देवाला बोलणे ही कामे आये दुसऱ्या भाषेत करूच शकत नसे. माझ्या धाकट्या बहिणीचा जन्म वाडिया इस्पितळात झाला. त्या रात्री आये काय काय ओरडत होती ते मावशीने आम्हांला पुढे कित्येकदा सांगितले, आणि ते सगळे मालवणी होते.

शाळेत मात्र पहिल्याच वर्षी कळले, की घरून आणलेले बोलणे चालत नाही. 'माका' म्हटले की 'मला म्हण'. 'पाऊस बरो पडलो' म्हटले की अख्खा वर्ग हसायचा. हसणाऱ्यांत कोल्हापूर-साताऱ्याची पोरेही असायची आणि दुसऱ्या दिवशी 'व्हय' म्हटल्याबद्दल त्यांची पाळी यायची. बाईंचा हेतू वाईट नव्हता. आमचे शिक्षण व्हावे, आम्ही गिरणीच्या फाटकाबाहेर कुठेतरी पोचावे असे त्यांना मनापासून वाटे, आणि त्यांच्या त्या धाकामुळेच आमच्यातले कितीतरी बँकेत, मंत्रालयात, महापालिकेत गेले. पण त्या वर्गात आम्ही एक गोष्ट धरून बसलो: आपले आईबाप बोलतात ते चुकीचे मराठी आहे. दुसरे काही असू शकते, हा विचारच आमच्यापर्यंत आला नाही. आये नाव विचारले तर सांगायची, "आमची भाषा." मालवणी हे नाव सुद्धा आम्ही मुंबईत शिकलो. वेंगुर्ल्याच्या आजोळी सगळे 'गावची भाषा' म्हणत, आणि कुडाळचा माणूस बोलला की हा आपल्याकडचा नव्हे हे एका वाक्यात ओळखत.

यातली सगळ्यात मोठी गोष्ट मला फार उशिरा कळली. अण्णांची पिढी घरात मालवणी बोलायची आणि मराठीच्या राज्यासाठी रस्त्यावर उतरली. २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनकडे जो मोर्चा निघाला त्यात गिरणगाव होते. जानेवारी १९५६मध्ये गिरणगावात आणि गिरगावात गोळ्या चालल्या. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसे गेली, त्यांत कामगार वस्तीतली किती होती हे हुतात्मा चौकातली नावे वाचताना लक्षात येते. अण्णा तेव्हा नुकतेच बदलीवरून कायम झाले होते. त्या दिवसांविषयी ते मालवणीतच सांगायचे. 'आमका आमचा राज्य व्हया होता' एवढेच म्हणायचे, आणि ते राज्य मराठीचे, हे त्यांच्या मनात इतके स्वच्छ होते की घरातले बोलणे आणि बाहेरची भाषा यांत त्यांना कधी ओढाताण जाणवलीच नाही. मराठीवरचे त्यांचे प्रेम खरे होते. आयेच्या बोलण्यावरचे आमचे प्रेमही खरे आहे. या दोन्हींतले एक सोडा असे कुणी आम्हांला सांगू नये.

तसे सांगणारे मात्र भेटत आले. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने १९०५मध्ये कोंकणीला मराठीची बोली ठरवले आणि कुडाळी, म्हणजे आमचीच मालवणी, कोंकणीच्या पोटात टाकली. पुढे कोंकणी लढली. त्या लढ्याचा मोठा भाग मुंबईतच घडला. धोबीतलावला गोवेकरांचे कूड होते, आमच्या बैठकीच्या खोल्यांची जणू भावंडेच. तियात्र हा त्यांचा नाट्यप्रकार पहिल्यांदा उभा राहिला तो १७ एप्रिल १८९२ला, मुंबईत, 'इटालियन भुरगो' या खेळाने. शणै गोंयबाब म्हणजे वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर यांनी कोंकणीसाठी लेखणी झिजवली ती मुंबईत राहून, आणि १९४६मध्ये ते गेले तेही इथेच. १९७५मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र भाषा मानले, १९८७मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२मध्ये आठव्या अनुसूचीत गेली. हे सारे लालबागपासून अर्ध्या तासाच्या ट्राम-बसच्या अंतरावर सुरू झाले आणि आमच्या खोलीत त्याचा आवाज आला नाही. गोवेकर म्हणत, आमची भाषा वेगळी. आमचे म्हणत, आम्ही मराठी. गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्यापलीकडची शेतातली बाई आणि बांद्याअलीकडची बाई एकमेकींशी बोलताना अडत नव्हत्या, इतकेच मला खात्रीने माहीत आहे, कारण माझी आजी त्यांतली एक होती. आजही जनगणनेच्या तक्त्यात मालवणी कोंकणीच्या खाली मोजली जाते, आणि आमच्या घरांनी मातृभाषेच्या रकान्यात वर्षानुवर्षे मराठी सांगितलेले आहे. त्या आकड्यांत आये नाहीच.

निवृत्तीनंतर वाचन वाढले तेव्हा स्पेनमधल्या अरागॉनविषयी वाचनात आले आणि मी ते आमच्या चुलतभावंडांना मोठ्याने वाचून दाखवले. एके काळी तिथे राजे होते, झारागोझाच्या दरबारात त्यांची भाषा लिहिली जायची. १४१२मध्ये कास्पे इथल्या तडजोडीने गादी कॅस्टिलियन घराण्याकडे गेली आणि हळूहळू दरबार, कागद, शहरे कॅस्टिलियनमध्ये, म्हणजे आजच्या स्पॅनिशमध्ये, बोलू लागली. अरागोनी भाषा पिरेनीजच्या उंच भागात उरली, आन्सो, एचो, चिस्ताऊ अशा खोऱ्यांत. एका बाजूला कॅस्टिलियन, दुसऱ्या बाजूला कॅटलान, दोन्ही मोठ्या. खोऱ्यातल्या माणसांना विचारले तर ती आपल्या बोलीला आपापल्या खोऱ्याचे नाव सांगत. फ्रँकोच्या राजवटीत शाळा फक्त कॅस्टिलियनमध्ये होत्या, आणि म्हाताऱ्यांची पिढी 'आम्ही वाईट बोलतो' असेच समजत राहिली. हे वाक्य वाचले तेव्हा माझी धाकटी बहीण म्हणाली, "ही आपलीच आये." १९७६मध्ये ह्वेस्का शहरात तरुणांनी भाषेसाठी संस्था काढली. ज्यांनी काढली ते पुष्कळसे शहरात वाढलेले होते. २००९मध्ये कायदा झाला. २०१३मध्ये दुसरा कायदा आला, त्यात भाषेचे नाव टाळून 'पिरेनीज आणि पायथ्याच्या भागाची भाषा' असे लांबलचक वर्णन घातले गेले. २०१६मध्ये नाव परत मिळाले. २०११च्या गणनेत सुमारे २५ हजार माणसांनी आपण ती बोलतो असे सांगितले. इतक्या थोड्या माणसांसाठी इतका आग्रह! मला त्या आग्रहाचा हेवा वाटतो. आमच्याकडे माणसे त्याहून कितीतरी जास्त, आणि आग्रह धरायला आम्हांला साठ वर्षांचे व्हावे लागले.

आमच्या पिढीला आपल्या भाषेचे पहिले दर्शन रंगमंचावर झाले. तोपर्यंत मालवणी ऐकायची ती घरात, भजनात किंवा गावच्या जत्रेतल्या दशावतारात. जयवंत दळवींच्या 'सारे प्रवासी घडीचे'मधली आरवलीकडची माणसे ज्यांनी वाचली होती त्यांना एक ओळख होती, पण आमच्या घरात पुस्तके कमी. १९८०मध्ये गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' आले. गाव एक पौराणिक नाटक बसवायला निघते आणि त्याचा जो काही गोंधळ होतो, एवढीच गोष्ट. मच्छिंद्र कांबळी तात्या सरपंच झाले होते. आम्ही दादरला शिवाजी मंदिरात पाहिले. अण्णा, आये, दोन काका, काकी, सगळी पोरे, असे आमचे अख्खे बिऱ्हाड. आयुष्यात पहिल्यांदा आये पैसे देऊन तिकीट काढलेल्या जागी बसली आणि समोर प्रकाशात उभी असलेली माणसे तिच्यासारखी बोलत होती. सभागृह हसत होते. या हसण्यात आणि वर्गातल्या हसण्यात जो फरक होता तो मला तेव्हा सांगता आला नसता, पण जाणवला होता. इथे हसणारे आमच्या बरोबर हसत होते, आणि शेजारी बसलेले कोकणाबाहेरचे लोक पुढचे वाक्य समजावे म्हणून कान देऊन ऐकत होते. पुढे त्या नाटकाचे हजारो प्रयोग झाले, ते लंडनला गेले, पुलंनी त्याला दाद दिली. गवाणकर २०१६च्या ठाण्याच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांना फोन केले. पण मला त्या रात्रीची परतीची बस आठवते. दादा, जो कॉलेजात गेल्यापासून घरातही शुद्ध मराठी बोलायचा, तो सगळ्यांदेखत आयेला मालवणीत म्हणाला, "बरा झाला मां नाटक?"

तिथून काही बदलले असते. पण १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि भोंगे थांबले. घरात जे झाले ते सगळ्या गिरणगावात झाले, त्याच्या तपशिलात मी जात नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. भाषेपुरते सांगते. त्या वर्षी चाळीतली कितीतरी पोरे गावी पाठवली गेली, खाणारी तोंडे कमी करायला. आमच्याकडून धाकटे दोन भाऊ गेले आणि दोन-तीन वर्षे आजीजवळ राहून तिथल्याच शाळेत शिकले. आज आम्हा सगळ्यांत अस्खलित मालवणी बोलतात ते हे दोघेच. आम्ही बाकीचे सगळे समजतो, आयेला उत्तर मराठीत देतो. त्या दोघांची मालवणी ऐकताना मला आनंद होतो आणि ती कशाच्या किमतीवर आली तेही दिसते.

आता अण्णा नाहीत. गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आहेत, मोरारजी आणि कोहिनूर ही नावे पत्त्यांपुरती उरली आहेत. ज्या दामोदर नाट्यगृहाच्या रंगमंचावर १९२२पासून कामगारांनी नाटके केली, ते २०२३मध्ये पाडण्यासाठी बंद झाले. कोकण रेल्वे १९९८मध्ये पूर्ण सुरू झाली आणि गाव जवळ आले. लालबागच्या मसाला गल्लीत मिरच्या कुटण्याचे डंक अजून चालतात, दादरला मालवणी जेवणाची हॉटेले भरलेली असतात. तिरफळ घातलेला बांगडा आमच्या नातवंडांना आवडतो, पण "वायच आनी घे" असे त्यांना म्हटले तर ती आमच्या तोंडाकडे बघतात. २०१६मध्ये 'रात्रीस खेळ चाले' मालिका आली तेव्हा महिनाभर सगळी घरे 'इसरलंय' म्हणत होती; माझ्या भाचीने त्या काळात आजीला प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि मालिका संपल्यावरही ती थांबली नाही. आज ती आजीचे बोलणे मोबाइलवर साठवते. म्हणी, शिव्या, लग्नातल्या ओव्या, भाताच्या जातींची नावे, आणि आजीला सांगावीशी वाटतील ती भांडणे. आम्ही साठीतले लोक शेजारी बसून तिला मधल्या जागा भरून देतो. कार्डांवर जे लिहायचे राहिले त्यातले काही आता नातीच्या हाताने राहील.

चवथीला गाऱ्हाणे घालायचे मात्र अडले होते. अण्णा गणपतीपुढे उभे राहून 'बा देवा म्हाराजा' म्हणू लागले की मागून सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचे. अण्णांनंतर दोन वर्षे दादाने कागदावर लिहून मराठीत प्रार्थना म्हटली. कुणाचेच मन भरले नाही. तिसऱ्या वर्षी गावी वाढलेल्या धाकट्याला पुढे केले. तो बोलता बोलता अडला, पुढचे आठवेना, तेव्हा मागे खुर्चीत बसलेली आये पुढचे म्हणू लागली. बाईने गाऱ्हाणे घालायची आमच्यात रीत नाही. तिने पुरे केले, मुंबईतल्या लेकरांपासून गावच्या वाटसरूपर्यंत सगळ्यांना त्यात घेतले, आणि आम्ही प्रत्येक वेळी 'होय म्हाराजा' म्हटले. तेव्हापासून ती सांगते, धाकटा तिच्यामागून म्हणतो.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले गेले, दादाने वाटले. आता पुढच्या जनगणनेची चर्चा सुरू आहे. मातृभाषा कुठली सांगायची, यावर आम्हा भावंडांत दोन तट आहेत. दादा म्हणतो, अण्णा ज्या राज्यासाठी मोर्चात गेले त्या राज्याची भाषा मी कमी करणार नाही, मी मराठी सांगणार. मालवणी सांगितली तर ती कोंकणीत मिळवली जाते, हेही तो दाखवून देतो, आणि त्यात तथ्य आहे. मी सांगणार आहे मातृभाषा मालवणी, आणि येणाऱ्या इतर भाषांच्या रकान्यात पहिली मराठी. ज्या भाषेत आये मला वाढवताना ओरडली, ती कुठल्या मथळ्याखाली मोजतात हे मोजणाऱ्यांनी ठरवावे. ती होती एवढे मला नोंदवायचे आहे. धाकटे दोघे माझ्या बाजूचे आहेत, बहीण दादाच्या. आयेला विचारले तर ती म्हणते, "दोनव लिवा." एका रकान्यात दोन मातृभाषा लिहीत नाहीत, हे दादा तिला समजावून सांगतो आहे, मालवणीत.